प्रश्न नव्याने मांडताना

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुठल्याही शिक्षकाला चार प्राणी पाठ असतात: पाव्हलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा चिंपांझी. परीक्षेच्या आदल्या रात्री चौघांची उजळणी होते. ‘मर्मदृष्टीद्वारा अध्ययन’ या मथळ्याखाली चिंपांझी केळ्याकडे बघतो, जरा विचार करतो, दोन काठ्या जोडतो आणि केळं ओढून घेतो. पाच गुण मिळतात आणि चिंपांझी वहीतच राहतो. वर्गात पहिले तिघं रोज हजर असतात. घंटा, शिक्षा, सराव, शाबासकी ही सगळी त्यांचीच सोय. चौथ्याला मात्र वर्गात बाक मिळालेला नाही. हे पुस्तक त्या चौथ्याबद्दल आहे, आणि त्याच्या निमित्ताने माणसाला अडलेला प्रश्न सुटतो कसा याबद्दल.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट खोटी नाही, पण फारच घासूनपुसून ठेवलेली आहे. वोल्फगांग कोहलर १९१३ च्या अखेरीस टेनेरिफ बेटावरच्या वानर संशोधन केंद्रात गेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो तिथेच अडकला. सुलतान नावाचा त्याचा चिंपांझी हुशार होता, तरी दोन बांबूंचा प्रयोग त्याला बराच वेळ जमला नाही. एक बांबू जाड आणि पोकळ, दुसरा बारीक. केळं गजांपलीकडे, कोणताही एक बांबू पोचणार नाही इतक्या लांब. सुलतानने आधी एक खोकं ओढत आणलं, त्याचा काही उपयोग नव्हता. मग एक बांबू बाहेर टाकून दुसऱ्याने तो पुढे ढकलत नेला आणि केळ्याला टेकवला. केळं आलं नाहीच, बांबूही हातचा गेला. मधे कोहलरने त्याच्यासमोर पोकळ बांबूच्या तोंडात बोट घालून दाखवलं. ती सूचनाही वाया गेली. तासभर उलटल्यावर कोहलर निघून गेला आणि राखणदार तेवढा तिथे उरला. सुलतान खोक्यावर बसून बांबूंशी चाळा करत होता. चाळा करता करता दोन्ही बांबू एका रेषेत आले, बारीक बांबू जाड्यात शिरला, आणि सुलतान तडक उठून गजांकडे धावला. हा क्षण प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाने स्वतः पाहिलाच नाही. राखणदाराने पाहिला आणि सांगितला.

वेळ, चुका, न कळलेली सूचना, निव्वळ चाळा हे सगळं आपल्या वह्यांतून गळलं आणि ‘अचानक सुचलं’ एवढंच उरलं. माझ्या मते या विषयाचं सर्वांत मोठं नुकसान या एका शब्दाने, ‘अचानक’ने, केलं आहे. जे अचानक येतं ते शिकवता येत नाही, असं गृहीत धरून शाळा मोकळ्या झाल्या.

कोहलर उभा होता तो थॉर्नडाइकच्या विरोधात. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून, बाहेर पडायला लागणारा वेळ टिपून आलेख काढले. वेळ हळूहळू कमी होत गेला, एकदम कोसळला नाही. म्हणून त्याचा निष्कर्ष असा की मांजर विचार करत नाही. धडपडते, चुकते, आणि ज्या हालचालीने सुटका होते ती हालचाल पक्की होते. मराठीत आपण याला प्रयत्न-प्रमाद म्हणतो. कोहलरचा आक्षेप मार्मिक होता. त्या पेटीतली कळ मांजराला दिसते, पण कळ आणि दार यांचा संबंध दिसत नाही. जिथे सगळी परिस्थिती डोळ्यांसमोर मांडलेलीच नाही, तिथे ती समजून घेण्याची संधी तरी कुठे आहे? धडपडीशिवाय काही करताच येणार नाही अशी पेटी बांधायची आणि मग प्राणी फक्त धडपडतो म्हणायचं, हा न्याय नव्हे. आपल्या प्रश्नपत्रिकांनाही हा आक्षेप लागू पडतो, पण ते पुढे.

कोहलरचे सोबती माक्स व्हर्टहायमर आणि कार्ल डुंकर यांनी हाच धागा माणसांपर्यंत आणला. समष्टीवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं: प्रश्न सुटतो तेव्हा नवी माहिती मिळालेली असतेच असं नाही, आहे त्याच माहितीची मांडणी बदललेली असते. व्हर्टहायमरने समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ शिकलेल्या मुलांसमोर तीच आकृती वेगळ्या बाजूवर उभी करून ठेवली. ‘हे आम्हाला अजून शिकवलं नाही,’ असं उत्तर आलं. उलट, सूत्राचा गंध नसलेल्या एका चिमुरडीने कात्री मागितली. एका बाजूला जे जास्तीचं आहे तेच दुसऱ्या बाजूला कमी आहे, हे तिला दिसलं होतं. डुंकरने मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांची डबी देऊन मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगितली. टाचण्या डबीत असतील तर डबी म्हणजे टाचण्या ठेवायची जागा. ती भिंतीला ठोकून तिच्यावर मेणबत्ती उभी करता येईल हे सुचत नाही. तीच डबी रिकामी करून दिली की अधिक जणांना सुचतं.

या घराण्याचा मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रयोग अब्राहम लचिन्सचा, १९४२ चा. तीन भांडी आहेत: २१, १२७ आणि ३ मापांची. १०० माप पाणी मोजून काढा. मोठं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढा. १२७ वजा २१ वजा ६, झाले १००. अशी चार-पाच उदाहरणं सोडवली की रीत हाताला बसते. मग भांडी येतात २३, ४९ आणि ३. हवं आहे २० माप. मुलं झरझर लिहितात: ४९ वजा २३ वजा ६. उत्तर बरोबर आहे. पण २३ मधून ३ काढले की काम झालं होतं! ज्यांना आधीची उदाहरणं दिली नव्हती त्यांना ते लगेच दिसलं. सराव केलेल्यांपैकी बहुतेकांना दिसलं नाही. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर इथल्या क्लासांच्या जिन्यात उभं राहिलं तर दर पाच मिनिटांनी एक वाक्य कानावर येतं: ‘सर, हा कोणत्या टाइपचा प्रश्न?’ लचिन्सची भांडी डोळ्यांसमोर आली की त्या वाक्यातलं शहाणपण आणि त्यातला धोका दोन्ही एकदम कळतात.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. समष्टीवाद्यांची पंचाईत अशी की ‘मांडणी बदलते’ हे ठीक, पण ती का आणि केव्हा बदलते हे त्यांना नीट सांगता आलं नाही. हर्बर्ट बर्चने १९४५ मध्ये दाखवलं की ज्यांना काठ्या हाताळायला मिळालेल्या नाहीत अशा चिंपांझींपैकी बहुतेकांना काठीचा उपयोग सुचत नाही; काही दिवस नुसतं काठ्यांशी खेळू दिलं की सुचतो. रॉबर्ट एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कोहलरची फिरकीच घेतली. त्यांनी कबुतरांना खोकं ढकलायला आणि खोक्यावर चढून चित्रातल्या केळ्याला चोच मारायला वेगवेगळं शिकवलं. मग केळं उंच टांगलं. कबुतराने वर पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, खोकं केळ्याखाली ढकललं आणि चढून चोच मारली. दुरून पाहणाऱ्याला ती मर्मदृष्टीच वाटेल. ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी संगणकावर प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम लिहिले. कुठे आहोत, कुठे जायचं आहे, आणि मधलं अंतर कोणत्या पावलाने कमी होईल, एवढ्या हिशेबावर बरीच कोडी सुटतात हे त्यांनी दाखवलं. त्यांचं १९७२ चं पुस्तक या शाखेचा मैलाचा दगड आहे. पण त्या हिशेबाला प्रश्न आधी नीट मांडलेला लागतो. तो मांडायचा कुणी आणि कसा, इथे गाडी पुन्हा समष्टीवाद्यांच्या दारात येते.

अलीकडच्या संशोधनातल्या दोनच गोष्टी सांगतो. जॅनेट मेटकाफने लोकांना कोडी सोडवताना ‘उत्तर किती जवळ आलंय असं वाटतं’ हे थोड्या थोड्या वेळाने नोंदवायला लावलं. बीजगणितात ही भावना पायरी पायरीने चढते. मर्मदृष्टीच्या कोड्यांत ती शेवटपर्यंत थंड असते आणि एकदम उसळते. गंमत म्हणजे अशा कोड्यांत ज्यांना आपण जवळ जवळ येतोय असं सतत वाटत होतं, त्यांची उत्तरं बरेचदा चुकीची निघाली. दुसरी गोष्ट २००४ ची. जॉन कूनिओस, मार्क जंग-बीमन आणि सहकाऱ्यांना उत्तर सुचण्याच्या किंचित आधी मेंदूच्या उजव्या भागात, कानाच्या वरच्या बाजूला, विद्युतलहरींची उसळी आढळली. म्हणजे ‘हां, सापडलं!’ हा अनुभव खरा आहे. सापडलेलं मात्र खरं असेलच असं नाही.

महाराष्ट्रात या विषयाची एक परंपरा आहे. तिला कुणी या नावाने ओळखलं नाही इतकंच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आकड्यांशी आयुष्यभर खेळले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे ६१७४ हटत नाही, आणि तिथे पोचायला सातपेक्षा जास्त पावलं लागत नाहीत. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी याला पोरखेळ मानलं. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. सुलतानचा चाळा आणि कापरेकरांचा खेळ यांत जात एकच आहे, असं म्हटल्याने कापरेकरांचा अपमान होत नाही.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांचं शिक्षण हा विषय धरून ठेवला आणि तिच्या मानसशास्त्र विभागाने मानसशास्त्रज्ञ गिल्फर्डच्या बुद्धीच्या आराखड्यावर मराठी मुलांसाठी चाचण्या घडवल्या. एका प्रश्नाला अनेक उत्तरं काढता येणं हीसुद्धा बुद्धीच, हे आपल्या पालकांपर्यंत पोचलं त्यात या कामाचा वाटा आहे. वाशीचा पूल ओलांडून मुंबईत शिरलं की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. बातम्यांत ते ऑलिंपियाडमुळे येतं. मला मात्र १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचं सुरुवातीचं काम जास्त मोलाचं वाटतं: जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळा, मुंबई महापालिकेच्या शाळांतली दलित मुलं. व. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे दिसलं की मुलं अडतात ती बरेचदा विज्ञानाशी नाही, पुस्तकाच्या भाषेशी. वाक्यं सोपी केली की तीच मुलं विचार करू लागतात. थॉर्नडाइकच्या पेटीवरचा कोहलरचा आक्षेप इथे मराठीत येतो. प्रश्नच दिसत नसेल तर सुटणार कसा?

आता ज्या गावी हे पुस्तक तयार झालं त्याच्याविषयी. पुस्तक नवी मुंबईत का झालं, याला योगायोगापलीकडेही कारण आहे. आपण ज्याला मांडणी बदलणं म्हणतो त्याचं इतकं मोठं, सिमेंटमध्ये ओतलेलं उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

१९६४ च्या सुमारास मुंबईचा विकास आराखडा चर्चेत होता. सगळ्यांपुढचा प्रश्न एकच: सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे वाहणारी ही गर्दी कशी सोसायची? गाड्या वाढवा, रस्ते रुंद करा, उपनगरं आणखी वर सरकवा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी हा प्रश्न सोडवला नाही, बदलला. शहर उत्तर-दक्षिण वाढतंय हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ते पूर्वेला, खाडीपलीकडे का वाढू नये? १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांची मांडणी आली आणि १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. लक्षात घेण्यासारखं असं की तुकडे आधीपासून पटावर होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येत होते, खाडीवर पूल व्हायचा होता. पोकळ बांबू आणि बारीक बांबू दोन्ही हाताशी होते, ते एका रेषेत धरले गेले.

याच शहरात याहून लहान पण मला जास्त आवडणारं उदाहरण आहे. इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की पावसाचं पाणी खाडीत जाणार कसं? ते उपसायचं तर पंप किती लावणार? सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती चढली की झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि शहरातलं पाणी तलावात साचतं. ओहोटी लागली की आतल्या दाबाने झडपा उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. ‘पाणी बाहेर कसं काढायचं’ याऐवजी ‘पाणी ओहोटीपर्यंत कुठे थांबवायचं’ असा प्रश्न विचारला आणि समुद्राच्या हातूनच काम करवून घेतलं. याच किनाऱ्यावरचे आगरी शेतकरी खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी ठेवत आले. तिचंही तत्त्व हेच: ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. भातखाचरात खारं पाणी शिरू नये म्हणून ज्यांनी उघाड्या राखल्या, त्यांना धारण तलाव समजावून सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज पडली नसती. आज या तलावांत गाळ साचला आहे, खारफुटी वाढली आहे, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढायला परवानग्या लागतात. युक्ती एकदाच सुचावी लागते, गाळ मात्र दर पावसाळ्यात येतो.

मोठ्या उदाहरणालाही दुसरी बाजू आहे, आणि ती टाळली तर हे पुस्तक नुसतं कौतुकाचं होईल. नकाशावर मोकळी दिसलेली ती सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन मोकळी नव्हती. तिथे ९५ गावं होती. भातशेती, मिठागरं, मासेमारी होती. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना त्यातून आली. प्रश्न नव्याने मांडणाऱ्यांनी मुंबईकडून पाहिलं होतं. जासईकडून पाहिलं असतं तर प्रश्न आणखी एकदा बदलला असता. तिकडे सरकारनेही आपली कार्यालयं अपेक्षेप्रमाणे खाडीपलीकडे नेली नाहीत. नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहतच गेले. डुंकरच्या डबीसारखीच गत होते इथे. एक गोष्ट नव्याने दिसली की तिच्या उजेडात दुसरी दिसेनाशी होते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत या बाजूवर फार कमी लिहिलं गेलं आहे, कारण प्रयोगशाळेतल्या मेणबत्तीला शेजारीपाजारी नसतात.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी असो की जेईई, न पाहिलेला प्रश्न कसा हाताळता ते जोखायला ज्या परीक्षा निघाल्या त्यांच्या तयारीत आता न पाहिलेला प्रश्न उरूच नये अशी व्यवस्था केली जाते. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. जागा थोड्या आणि मुलं लाखो, तेव्हा खात्रीचा मार्ग धरणं शहाणपणाचंच. त्यात आता फोनमधल्या यंत्राला विचारलं की पायऱ्यांसकट उत्तर येतं. पायऱ्या येतात, पण मुलाचं अडणं निघून जातं. मधला तो कंटाळवाणा, चिडचिडा तास, ज्यात सुलतान खोकं ओढत होता आणि बांबू हरवत होता, तोच नाहीसा होतो. तो तास वाया जाणारा नसतो असं बर्चपासून मेटकाफपर्यंतचे प्रयोग सुचवतात. नुसतं ‘चौकटीबाहेर विचार करा’ सांगूनही भागत नाही. नऊ ठिपक्यांच्या कोड्यात, रेषा चौकोनाबाहेर न्या असं स्पष्ट सांगूनही बहुतेकांना कोडं सुटत नाही, हे वाइसबर्ग आणि आल्बा यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं. कंपन्यांच्या कार्यशाळांत हे वाक्य अजूनही भिंतीवर लावलेलं असतं.

या पुस्तकातले लेख मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि रोजच्या धंद्यात अडचणी सोडवणाऱ्या काही जणांनी लिहिले आहेत. सगळ्यांचं एकमत नाही. मर्मदृष्टी ही स्वतंत्र प्रक्रिया आहेच, असं मानणारे यात आहेत, आणि ती सरावाचंच भरजरी नाव आहे असं म्हणणारेही आहेत. मी पहिल्या बाजूला झुकतो, पण दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद इथे कापलेला नाही. सर्जनशीलतेच्या गूढ कथा, स्वप्नात दिसलेले सिद्धांत, थोरांच्या डोक्यावर पडलेली फळं यांना आम्ही जाणूनबुजून जागा दिली नाही. त्यांतल्या बऱ्याच कथा प्रत्येक सांगण्यात थोड्या थोड्या वाढलेल्या असतात. संज्ञा मराठी पाठ्यपुस्तकांतल्याच ठेवल्या आहेत, म्हणजे डी.एड.च्या विद्यार्थ्याला नव्याने शब्दकोश उघडावा लागणार नाही.

प्रत्येक भागात काही कोडी आहेत आणि त्यांची उत्तरं पुस्तकात कुठेही छापलेली नाहीत. प्रकाशकांनी शेवटी चार पानं ‘उत्तरसूची’साठी राखली होती, ती पानं कोरीच ठेवून खाली ‘कच्चं काम’ एवढं छापा अशी विनंती मी केली, आणि थोड्या वादावादीनंतर त्यांनी ती मानली. शिक्षकांनी वर्गात एक कोडं सोमवारी द्यावं आणि त्यावर बोलणं गुरुवारपर्यंत टाळावं. मुलं घरी जाऊन फोनला विचारतील, विचारू द्या. त्यांना इतकंच सांगायला लावा की फोनने दिलेलं उत्तर बरोबर आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं.